नाटकाच्या आधी जेवायचं कुठं? तिसऱ्या घंटेच्या आत हात धुवून झाले पाहिजेत

सोलापुरात चांगल्या नाटकाचा प्रयोग लागला की घरात पहिला प्रश्न तिकिटाचा असतो आणि दुसरा जेवणाचा. तिकीट आपण आठ दिवस आधी काढतो, मधली रांग बघून, खांब आडवा येतो का विचारून काढतो, आणि जेवणाचं मात्र "बघू की, जाता जाता खाऊ कुठंतरी" म्हणून सोडून देतो. हे "कुठंतरी" च घात करतं. मी आता बरीच वर्षं हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघतोय आणि घरच्यांना, पाहुण्यांना, मित्रांच्या आईवडिलांना घेऊन जाणं हे काम आपोआप माझ्याकडं आलंय, त्यामुळं कुठं काय मिळतं यापेक्षा कुठं किती वेळात मिळतं याचा हिशोब डोक्यात पक्का बसलाय, तोच इथं लिहितोय.

आधी एक सांगतो. मागं एकदा आईला घेऊन गेलो होतो, आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच नाटकाला निघालेली, हौसेनं नवी साडी नेसलेली. प्रयोग नऊचा. साताठ मिनिटांच्या अंतरावरच्या एका चांगल्या एसी हॉटेलात पावणेआठला बसलो, पनीरची भाजी, तंदूर रोटी, जिरा राईस असं सांगितलं. भाजी आली सव्वाआठला आणि रोटी काही येईना. विचारलं की "आलं साहेब दोन मिनिटात". आई भाजी नुसतीच चमच्यानं खात बसली आणि दर दोन मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची, बोलायची काहीच नाही. रोटी टेबलावर पडली तेव्हा आठ चाळीस झाले होते, तिनं एक रोटी कागदी नॅपकिनात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली, म्हणाली चल, नंतर खाते मी. बिल यायला अजून दहा मिनिटं. आम्ही आत शिरलो तेव्हा पडदा उघडलेला, अंधार, बॅटरीच्या उजेडात पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला तिची भीती हाताला कळत होती. पहिला अंक अर्धा होईपर्यंत ती हळूच विचारत होती, हा हिचा कोण? हॉटेलचं जेवण वाईट नव्हतं. आमची वेळ आणि त्यांच्या भट्टीची वेळ जुळत नव्हती, एवढंच. पण त्या दिवशी मी ठरवलं की परत असं होऊ द्यायचं नाही.

तर पहिलं काम, वेळ उलटी मोजा. घरून किती वाजता निघायचं तिथून सुरू करू नका, तिसऱ्या घंटेपासून मागं या. समजा प्रयोग नऊचा. तर पावणेनऊला खुर्चीत. गाडी लावणं, गेटवर ओळखीचे भेटणं (सोलापुरात हे धरायलाच लागतं, नाटकाला आलेला प्रत्येक तिसरा माणूस कुणाचा तरी मामा असतो), तिकीट दाखवणं, एकदा वॉशरूमला जाऊन येणं, याला वीस मिनिटं. म्हणजे थिएटरच्या दारात आठ पंचवीस. हॉटेल जवळचं असेल तर तिथून आठ दहाला उठायचं, त्याआधी दहा मिनिटं बिलाची, आणि निवांत जेवायला अर्धा तास. म्हणजे ताट समोर साडेसातला आलं पाहिजे. आणि ऑर्डर ते ताट हा मधला वेळ हॉटेलप्रमाणं पाच मिनिटं ते पन्नास मिनिटं असा कितीही असू शकतो, सगळा खेळ इथंच आहे. सातला टेबलावर बसलात तर बहुतेक ठिकाणी निभावून जातं, साडेसातला बसलात तर ठिकाण नीट निवडायला लागतं, आणि आठला बसणार असाल तर तिथं बसूच नका, काहीतरी हलकं खा आणि जेवण नाटकानंतर ठेवा.

आता सातला जायचं म्हटलं की लोक म्हणतात एवढ्या लवकर कोण जेवतं. बरोबर आहे, आपल्याकडं हॉटेलात गर्दी साडेआठच्या पुढंच होते. पण त्यामुळंच सातला टेबल मिळतं, वेटर मोकळा असतो. अडचण वेगळीच असते, सातला किचन पूर्ण तापलेलं नसतं. तंदूरची भट्टी नुकतीच पेटवलेली असते, ती नीट तापायला वेळ लागतो, रस्सा गॅसवर उकळत असतो, भाकरी करणाऱ्या मावशी हात धुवून पिठाला बसत असतात. मेन्यूकार्डावर दोनशे पदार्थ छापलेले असतात पण त्या घटकेला तयार असतात आठ-दहा. म्हणून बसल्या बसल्या मेन्यूकार्ड उघडू नका. वेटरला विचारा, "आत्ता तयार काय आहे? आम्हाला आठला निघायचंय, नाटकाला जायचंय." हे एक वाक्य. नाटकाचं नाव काढलं की सोलापुरातला माणूस मनापासून मदत करतो हा माझा अनुभव आहे, आत जाऊन विचारून येतो, "साहेब तंदूर नका घेऊ, चपाती घ्या, लगेच देतो" असं स्वतःहून सांगतो. आणि जो वेटर न विचारताच "सगळं मिळेल" म्हणतो तिथं मी आता सावध होतो.

कोणत्या प्रकारच्या ठिकाणी किती वेळ लागतो हे कळलं की निम्मं काम झालं. थाळी सगळ्यात सुरक्षित, कारण थाळीत काही नव्यानं बनत नाही, सगळं पातेल्यात तयार असतं आणि फक्त वाढायचं असतं, बसल्यापासून दहा मिनिटांत ताट पुढं. त्यातही आपल्याकडच्या भाकरीच्या खानावळीत अजून एक सोय आहे जी बाहेरच्या गावात सहज मिळत नाही, कडक भाकरी. गरम भाकरी थापायची, भाजायची, तर एका तव्यावर एका वेळी एकच होते, सहा माणसांना दोन-दोन म्हणजे बाराव्या भाकरीपर्यंत पहिला माणूस हात वाळवून बसलेला असतो. कडक भाकरी आधीच करून वाळवून डब्यात रचलेली असते. कडक भाकरी, त्यावर शेंगाची चटणी आणि दही, बाजूला पातळ आमटी नाहीतर वांग्याची भाजी, हे जेवण पोटभर होतं आणि अंगावर येत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी खाऊन माणूस दिवसभर रानात काम करतो, तर दोन अंक जागं राहायला काय होतंय. बाजार आमटी असेल तर अजून छान, भाकरी कुस्करून खायची, पण तिचं तिखट आधी विचारून घ्या, कारण पहिल्या अंकात ठसका लागला की पुढच्या मागच्या दोन रांगांना त्रास.

डोसा-उत्तप्पाच्या हॉटेलात लोक फसतात. दोन माणसं असतील तर डोसा झटपट, पण आठ जण गेलात आणि आठही जणांनी डोसा सांगितला तर तव्यावर एका वेळी चार-पाच मावतात आणि तव्यावर फक्त तुमचीच ऑर्डर नसते, म्हणजे अर्धे जण खाऊन हात धुतात तेव्हा बाकीचे वाट बघत असतात. तिथं गेलात तर वाटून घ्या, तिघांनी इडली-वडा सांगायचं जे तयारच असतं, बाकीच्यांनी डोसा. पावभाजीला हा प्रश्न नाही, भाजी तव्यावर तयार, पाव भाजायला दोन मिनिटं, म्हणून वेळ कमी असला की मी डोळे झाकून पावभाजी म्हणतो. फक्त लोणी जास्त मागू नका.

मटणाचं सांगायला पाहिजे कारण सोलापुरात कुणी बाहेरचा पाहुणा आला की त्याला मटण खाऊ घातल्याशिवाय आपल्यालाच बरं वाटत नाही. सावजी, खिमा उंडे, काळा रस्सा, विजापूर वेशीतले शिक कबाब, यातलं काहीही घ्या, मला सगळं प्रिय आहे. पण नाटकाआधी नको. वेळेचा प्रश्न नाही, रस्सा तर तयारच असतो, प्रश्न नंतरचा आहे. उन्हाळ्यात दिवसभर चाळीसच्या वरचं ऊन खाल्लेलं अंग, त्यात दोन वाट्या रस्सा आणि भात, आणि मग एसीतली मऊ खुर्ची आणि अंधार, दहाव्या मिनिटाला मान खाली. माझे एक काका असेच अख्खा पहिला अंक झोपले आणि शेजारच्यानं दोनदा हलवलं. समोर कलाकार जीव तोडून काम करतोय आणि त्याला पहिल्या चार रांगा स्वच्छ दिसतात हे आपण विसरतो. मटण नाटकानंतर खा, किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी खा, त्याचा मान त्याला मिळेल आणि नाटकाचा नाटकाला. भातसुद्धा कमीच. आणि कच्चा कांदा, लसणाची चटणी खाल्लीत तर बडीशेप नक्की घ्या, शेजारी अडीच तास कुणीतरी बसणार आहे.

जागा कुठली निवडायची? माझा साधा नियम आहे की एकदा गाडी लावली की परत काढायची नाही. हुतात्मा स्मृती मंदिर पार्क चौकाच्या परिसरात आहे, तर जेवणही पार्क, नवी पेठ, डफरीन चौक एवढ्याच भागात, जिथून पायी येता येईल. नाटक रंगभवनला असेल तर सात रस्त्याकडची बाजू बघा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला राहणारे बरेच लोक म्हणतात आमच्याकडंच चांगली हॉटेलं झालीत, तिथंच जेवून येऊ. हॉटेलं आहेत चांगली, पण मग आठ ते साडेआठ ही शहरातल्या गर्दीची ऐन वेळ तुम्ही रस्त्यावर काढणार, एखादी वरात निघाली असेल तर संपलंच. तिकडं राहत असाल तर घरीच सातला थोडं खाऊन निघा, ते जास्त सुखाचं.

एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपासची हॉटेलं. दिसायला साधी असतात, फोटो काढण्यासारखी नसतात, पण तिथं येणारं गिऱ्हाईक सगळं घड्याळाला बांधलेलं असतं. रात्री साडेदहाच्या सुमाराला सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटते, तिच्या आधी जेवायला येणाऱ्या माणसाला अर्धा तास थांबवलं तर तो उठून जातो हे त्या मालकाला माहिती असतं, म्हणून तिथलं किचनच वेगाला सरावलेलं असतं. ताट पटकन, बिल पटकन. आठनंतर तिथं प्रवाशांची गर्दी वाढते म्हणून सातलाच जा. तिथून पार्क चौक फार लांब नाही, रिक्षा मिळते. नवीन हॉटेल तपासायचं असेल तर मी एकच गोष्ट बघतो, शेजारच्या टेबलावर बसलेल्या लोकांच्या पुढं ताटं आहेत का नुसतेच पाण्याचे ग्लास आहेत. पाच टेबलं भरलेली आणि चारांवर नुसते ग्लास आणि कांद्याच्या डिशा, तर उठायचं, लाजायचं नाही. पाणी प्यायलं म्हणून बसलंच पाहिजे असं काही नाही.

मोठा ग्रुप असेल तर दुपारीच फोन करा. नुसतं "आठ जणांचं टेबल ठेवा" म्हणून भागत नाही, सोबत सांगा की सातला येतोय, आठला उठायचंय, चार थाळ्या, दोन साध्या जेवणाच्या, दोन बिनतिखट. हे आधी सांगितलं तर किचन तयारी करून ठेवतं. सोबत शुगरचं माणूस असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ज्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असतं ते अंदाजानं घरीच घेऊन निघाले आणि ताट उशिरा आलं तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून ताटाचा भरवसा झाल्यावरच घ्यायला सांगा, डॉक्टरनं जी वेळ दिलीय ती धरून, आणि खिशात बिस्किट, साखरेच्या गोळ्या असू द्या. आईच्या पर्समध्ये आता मी कायम राजगिऱ्याचा लाडू ठेवतो. लहान मुलांना घरूनच वरणभात खाऊ घालून न्या, हॉटेलात ते फक्त पापड खातात आणि मध्यंतरात भूक म्हणून रडतात.

मध्यंतरावर भिस्त ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यात सगळं थिएटर एकाच काउंटरवर, एकाच तेलातला बटाटेवडा आणि चहा. तो वडा मला मनापासून आवडतो, त्या गर्दीत कागदावरचा गरम वडा फुंकत पहिल्या अंकावर तावातावानं बोलण्यात वेगळीच मजा असते, पण ते जेवण नव्हे. हल्लीची दोन अंकी नाटकं साधारण सव्वादोन ते अडीच तासांत संपतात, संगीत नाटक असेल तर मात्र पदं रंगली, वन्स मोअर मिळाला की कुठल्या कुठं जातं, तेव्हा पोटाला आधार घेऊनच बसा.

प्रयोग संध्याकाळी पाच-साडेपाचचा असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. साडेतीन ते सात या वेळात बरीचशी जेवणाची हॉटेलं बंद असतात किंवा फक्त चहा-नाष्टा चालू असतो. तेव्हा दुपारी घरी जरा उशिरा जेवा, निघताना हातावर धपाटं आणि दही, आणि आठला नाटक सुटलं की मग सावकाश हवं तिथं जा. खरं सांगायचं तर मला हाच क्रम जास्त आवडतो, कारण तेव्हा घाई कशाचीच नसते आणि बोलायला विषय मिळालेला असतो. तेव्हा ते मटण, ती तंदूर, ती गरम भाकरी, काय पाहिजे ते मागवा, किचनही तोवर पूर्ण रंगात आलेलं असतं. नऊच्या प्रयोगानंतर मात्र बाहेर पडायला साडेअकरा वाजतात आणि बहुतेक हॉटेलांची शटरं तोवर खाली आलेली असतात, म्हणून नंतर जेवू म्हणत असाल तर ज्या हॉटेलात जायचंय त्याला किचन किती वाजता बंद होतं हे आधी विचारा. हॉटेल कधी बंद होतं असं विचारू नका, किचन कधी, असं विचारा, दोन्हीत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असतो.

जानेवारीत वेगळी काळजी घ्या. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, मग पार्क चौक, होम मैदान हा सगळा भाग माणसांनी भरून जातो, रस्ते वळवलेले असतात. नाट्यगृहाला ज्या चार हुतात्म्यांचं नाव आहे त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली गेली, त्यामुळं त्याच दिवसांत चार पुतळ्यांकडंही लोक अभिवादनाला येतात. शंभराव्या नाट्य संमेलनातलं सोलापूरचं विभागीय संमेलनही २०२४ च्या जानेवारीतच झालं होतं, म्हणजे नाटकवाल्या लोकांसाठी हा महिना भरगच्चच. गड्ड्याच्या दिवसांत गाडी लांब लावून पायी या आणि मी सांगितलेल्या हिशोबात सरळ अर्धा तास वाढवा. गड्ड्यातलं खाणं नाटकाआधी करायचं असेल तर एखादा पदार्थ उभ्याउभ्या खा आणि निघा, तिथं पाय रमतात आणि वेळ कळत नाही.

बिलाचं शेवटचं. भात सांगताना त्याच दमात बिल सांगा. "भात आण आणि बिल पण करून आण." जेवून, हात धुवून, बडीशेप खाऊन मग बिल मागितलं की दहा मिनिटं गेलीच, त्यात ऑनलाइन पेमेंट अडकलं तर अजून पाच, म्हणून खिशात थोडी रोख रक्कम ठेवा. आणि ज्यानं वेळेत वाढलं त्याला टीप देताना सांगा की तुमच्यामुळं नाटक वेळेवर मिळालं. मागच्या महिन्यात आईला परत घेऊन गेलो, साध्या थाळीच्या हॉटेलात, सात पाचला बसलो, आठला उठलो. वाढणाऱ्या पोरानं आईला दुसरी भाकरी न मागता दिली, अर्धी मोडून, म्हणाला आज्जी नाटकाला चाललाय, उपाशी नका बसू. साडेआठला आम्ही खुर्चीत होतो, पडद्यामागून कुणीतरी पेटी जुळवत होतं त्याचे सूर येत होते, आणि आई चष्मा पुसत पहिल्या घंटेची वाट बघत होती.